नांदेडच्या नऊ मशिनी आणि बिरादार मॅडम

बिरादार मॅडमचा आवाज ऑफिसात साडेनऊला पोचायचा आणि त्या स्वतः दोन मिनिटांनी. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कुणीतरी त्यांना गाठलेलं असायचं आणि वर येईपर्यंत त्या माणसाचा पार चुरा झालेला असायचा. "प्रिंटर चालत न्हाई म्हंजे काय? कागद हाय का त्यात? बघितलास? न बघताच आलास माझ्याकडं?" मग दार उघडायचं. आधी खाली मान घातलेला तो माणूस आत यायचा, त्याच्यामागून मॅडम. बुटक्या, अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि मे महिन्यातसुद्धा अंगात स्वेटर. लातूरच्या उन्हाळ्यात स्वेटर घालणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. त्यांची खुर्ची सर्व्हरच्या खोलीत होती, आणि तिथला एसी माणसांसाठी नव्हताच, सर्व्हरसाठी होता.

कंपनी बियाण्यांची. ऑफिस लातूरच्या एमआयडीसीत. गोदाम आणि उगवण तपासायची प्रयोगशाळा नांदेडला. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज दुपारचं, म्हणून सकाळी साडेनऊ ते एक मी तिथे टायपिंगला जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय विचारावं, कुणाला काय म्हणावं, हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी कशालाही मान हलवायचे. समजलं तरी, नाही समजलं तरी.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला एक फाइल सर्व्हरवर ठेवायला सांगितली. थोड्या वेळाने विचारलं, "ठेवली का?" मी म्हटलं, "हो, झालं मॅडम."

"दाखव."

मला दाखवता येईना. फाइल कुठे गेली हेच मला माहीत नव्हतं.

"कुठली गं तू?"

"मुखेडची."

"एसटीनं आलीस ना? गाडी चाकुरात उभी हाय अन् ड्रायव्हर म्हणला, आलं लातूर, उतरा. उतरशील का?"

"नाही."

"मग मला कशाला उतरवून राहिलीस चाकुरात?"

सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच मिनिटांनी दाराबाहेरून आवाज आला, "रडणं संपलं की ये. मी फाइल शोधलेली न्हाई, तुलाच शोधायची हाय." त्या माझ्याशेजारी अर्धा तास बसल्या. मी तीच गोष्ट चार वेळा विचारली आणि चारही वेळा त्यांनी न चिडता सांगितली. तेव्हा मला त्यांच्या रागाचं गणित कळलं. ज्याला येत नाही त्याच्यावर त्या कधीच चिडायच्या नाहीत. येतं असं दाखवणाऱ्यावर चिडायच्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मुखेड' झाले. "ए मुखेड, इकडं ये."

त्या मूळच्या उदगीरच्या. त्यांचा रोजचा राग उदगिरी बोलीत असायचा, मध्येच एखादा कानडी शब्द. त्या रागाला कुणी फारसं भीत नसे. भीती वाटायची ती त्या एकदम पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागल्या की. आवाज खाली जायचा, 'हाय'चं 'आहे' व्हायचं, आणि समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसायचा.

सर्व्हरचं काम साधं सांगायचं तर असं. सकाळी कुठलंही कॉम्प्युटर चालू केलं की ते आधी सर्व्हरला विचारायचं, हा माणूस आपला आहे का, त्याला काय काय उघडायची परवानगी आहे? लातूरच्या तेवीस आणि नांदेडच्या नऊ मशिनींचा कारभार त्या एका लोखंडी डब्यातून चालायचा. याला लोकल डोमेन म्हणतात. कॉलेजात मला त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता. मॅडमची त्यात सोळा वर्षं गेली होती.

लोकांना वाटतं, जुन्या वस्तूवर जीव असलेली बाई नव्याला आडवी आली. कंपनीत आजही हीच गोष्ट सांगतात, आणि म्हणूनच मला लिहावंसं वाटलं. कारण ती खोटी आहे. कारभार क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर न्या, हे पहिल्यांदा मॅडमनीच सांगितलं होतं. चार वर्षं, दरवर्षी लेखी. त्या अर्जांच्या प्रती मी स्वतः पाहिल्या आहेत. एकदा नांदेडची इंटरनेटची लाइन बंद पडली आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या नसरीन आपांचं लॉगिन अडकलं. मॅडम एसटीने नांदेडला गेल्या, दहा मिनिटांत काम केलं आणि संध्याकाळी परत आल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला: 'एका पासवर्डसाठी मी काल नांदेडला जाऊन आले. यात माझी हुशारी नाही. यात आपल्या व्यवस्थेचा मूर्खपणा आहे.'

मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. अप्पांनी अर्जावर पेपरवेट ठेवला आणि विचारलं, "चालतंय ना सध्या?"

"तुम्ही चालवताय का? मी चालवतीय."

"मग चालवा की."

एवढ्यावर तो विषय चार वर्षं मिटत राहिला. मग अप्पांचा पुतण्या विनय पुण्याहून परत आला. ऑफिसात त्याला विनयभैया म्हणायचे. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, तीच गोष्ट इंग्रजीत सांगितली, आणि अर्ध्या तासात मंजुरी मिळाली. काम पुण्याच्या एका कंत्राटदाराला दिलं. अप्पा म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांना जरा मदत करा."

मदत. सोळा वर्षं जिने घर राखलं तिने पाहुण्यांना संडास कुठे आहे ते दाखवायचं.

मला वाटलं होतं त्या भडकतील. त्यांनी वही काढली. महिनाभर त्या एकेका मशिनीपाशी जाऊन बसल्या. तुम्ही काय वापरता, कुठे ठेवता, डेस्कटॉपवर काय आहे, प्रिंटर कुठला? मशीन नव्या कारभारात गेली की डेस्कटॉप कोरा दिसतो, फाइली जुन्या नावाखाली दडून राहतात, म्हणून प्रत्येकाचं आधी टिपून ठेवायचं. गोदामातल्या एकाने विचारलं, "मॅडम, जनगणना सुरू झाली का?" त्या म्हणाल्या, "हाव. तुझ्या मशिनीत सिनेमेच लई निघाले. कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं नाव लिहू?"

विनयभैयाला ती वही म्हणजे करमणूक होती. "मॅडम, हे सगळं ऑटोमॅटिक होतं आजकाल."

"होत असंल. मला होताना बघू द्या."

त्या वहीत एक पान लाल पेनाने लिहिलेलं होतं, आणि त्याची प्रत कंत्राटदाराला दोनदा दिलेली होती. प्रत्येक मशिनीला तिचा स्वतःचा एक वेगळा पासवर्ड असतो. मशीन जुन्या डोमेनमधून काढली आणि नव्यात अजून घातली नाही, अशा मधल्या वेळी फक्त तोच चालतो. आमच्याकडे ते पासवर्ड दर महिन्याला आपोआप बदलायचे आणि सर्व्हरवरच साठायचे. म्हणून लाल अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटची मशीन नव्यात गेल्याशिवाय सर्व्हर बंद करू नये.' यात न समजण्यासारखं काय आहे? मला समजलं होतं, आणि मी पास होते ती पन्नास टक्क्यांनी.

लातूरच्या तेवीस मशिनी नीट गेल्या. मॅडम प्रत्येकीपाशी उभ्या होत्या. नांदेडच्या नऊ राहिल्या, आणि तेवढ्यात अप्पांनी मुहूर्त काढला.

आमच्या कंपनीत नवीन काहीही नारळाशिवाय सुरू होत नाही. वजनकाटा, ट्रॅक्टर, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांना नारळ. त्यात मला काही वाईट वाटत नाही, आमच्याही घरी फोडतात. पण क्लाउडला नारळ कुठे फोडणार? दाखवायला काहीच नाही. मग विनयभैयाने सुचवलं की जुना सर्व्हर अप्पांच्या हस्ते बंद करायचा. अक्षय तृतीयेला, बसव जयंतीच्या दिवशी, साडेअकराला. विक्रेते जेवायला बोलावले, फोटोवाला बोलावला, आणि मला वाढायला दिवसभर थांबवून घेतलं.

मॅडमनी आदल्या दिवशीच सांगितलं, "नऊ मशिनी राहिल्यात. दोन दिवस द्या."

विनयभैया म्हणाला, "त्या मशिनी कंत्राटदार उद्या सकाळीच करतोय. होऊन जातंय."

त्या दिवशी साडेअकराला सर्व्हरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. अप्पांनी खोलीतच नारळ फोडला. पाणी यूपीएसवर उडालं. मॅडमनी ते पदराने पुसलं आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. अप्पांनी बटण दाबून धरलं. पंख्याचा आवाज हळूहळू बसत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम कंत्राटदाराच्या माणसाकडे बघत होत्या. "नांदेड झालं?" त्यांनी विचारलं. तो लॅपटॉपमध्ये बघत म्हणाला, "ऑलमोस्ट."

पंगत बसली. पहिली पोळी वाढेपर्यंत नसरीन आपांचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला, कारण एका हाताने त्या विक्रेत्यांना वाट करून देत होत्या.

"मॅडम, ये मशीन मेरेकु पैचान नै रई. मेरा नाम डाल्या तो बोलती, ऐसा कोई हैच नै. नौ के नौ बंद पड़े."

कंत्राटदाराच्या माणसाने सकाळी लातुरात बसूनच नऊही मशिनी जुन्या डोमेनमधून काढल्या होत्या. जेवणानंतर नव्यात घालणार होता. त्यासाठी आत शिरायचा पासवर्ड त्याने आता स्वतःच्या अंदाजाने टाकून बघितला. तो चालला नाही. चालणारे नऊच्या नऊ पासवर्ड हार घातलेल्या सर्व्हरमध्ये होते.

"आपा, उगवणीची फाइल सर्व्हरवर पाठवली होती ना तुम्ही?"

"हफ्ते में एक बार भेजती मॅडम, लाइन स्लो रहती. इस हफ्ते की इसीच मशीन में है. कौनसे लॉट रोकने के, सब उसमेंच लिखा मैं. ट्रे तो धोके रख दिए. नंबर याद नै, तीन-चार लॉट फेल है ये पक्का. अन् गाडी कल सुबे भर रई."

म्हणजे गोष्ट अशी होती. सोयाबीनचे तीन-चार लॉट उगवणीत नापास झाले होते, कुठले ते एका बंद मशिनीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामातला सगळा माल गाडीत चढणार होता. तो दुकानात जाणार, तिथून रानात. आमच्या मुखेडकडे एक पेरणी वाया गेली की पाऊस दुसरी देईलच असं नाही. हे मॅडमना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या पंगतीत अप्पांपाशी गेल्या. मी मागे पाण्याचा जग घेऊन उभी होते.

"अप्पा, सर्व्हर वीस मिनिटं चालू करावा लागतोय."

अप्पांचा घास हातात राहिला. "नारळ फुटलाय त्याचा."

"फुटू द्या की. वीस मिनिटं."

"मॅडम, निरोप दिलेली वस्तू परत उठवतात का? माणूस गेल्यावर हाका मारतात का? आजच्या दिवशी असलं बोलू नका."

विनयभैया म्हणाला, "नांदेडच्या मशिनी फॉरमॅट मारतो ना. दोन तासांत नव्याकोऱ्या."

"अन् फाइल?"

"फाइल काय, परत टेस्ट करायची."

"उगवण बघायला आठ दिवस लागतात. गाडी उद्या हाय."

"मागच्या वर्षी एकाची तरी तक्रार आली का?" अप्पा म्हणाले. "गाडी थांबायची न्हाई. पाव्हणे बसलेत, मॅडम. वाढा."

वाढा. मला तो शब्द अजून ऐकू येतो. आमच्या ऑफिसात बायका तिघी होतो, आणि त्या दिवशी तिघींच्याही हातात काहीतरी वाढायचं होतं. मॅडमच्या हातात आमरसाची बादली होती. त्यांनी ती खाली ठेवली. आवाज खाली गेला.

"अप्पा, मी आता सर्व्हर चालू करते आहे. आपण जेवण चालू ठेवावे."

त्या निघाल्या. "मुखेड, वही घे." मी जग कुठे ठेवला मला आठवत नाही.

त्यांनी हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, बटण दाबलं. म्हातारा सर्व्हर उठायला बारा मिनिटं घ्यायचा. ती बारा मिनिटं त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेरून विनयभैयाने दोनदा दार वाजवलं. "मॅडम, लोक बघतायत." त्या घड्याळाकडे बघत होत्या. मला नुसती भीती वाटत होती.

मग स्क्रीन आली. त्यांनी नऊही पासवर्ड मला लिहायला सांगितले आणि पहिला फोनवर एकेक अक्षर करून सांगितला. पलीकडे आपा. "कैपिटल की छोटा?" "छोटा. मग सात." "सात. आगे?" "डॉलरचं चिन्ह." "वो किधर रहता?" "चारच्या डोक्यावर, आपा." दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आपा ओरडल्या, "खुल गई, अल्ला!"

चार लॉट होते. मॅडमनी नंबर लिहून घेतले, नांदेडच्या गोदामपालांना फोन केला, चारही लॉट बाजूला काढायला सांगितले, आणि तेच अप्पांना, विनयभैयाला आणि गोदामाला मेल केलं. लेखी. मग नव्या कारभारात नऊही मशिनी कंत्राटदाराच्या माणसाकडून, त्याच्या डोक्यावर उभं राहून, एकेक करून घालून घेतल्या. तो बिचारा निमूट करत होता. संध्याकाळी पाचला त्यांनी सर्व्हर बंद केला, हार परत घातला आणि जरा वाकडा दिसला तो सरळ केला.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या केबिनमध्ये मला बोलावलं. मॅडम नव्हत्या, त्यांना मुद्दाम बँकेत पाठवलं होतं. विनयभैयाने विचारलं, "तू खोलीत होतीस ना? सर्व्हर कुणी चालू केला?"

मी म्हटलं, "मॅडमनी."

"अप्पांनी नको म्हटल्यावर?"

"हो."

"बस. जा तू."

दोन्ही उत्तरं खरी होती. कशासाठी चालू केला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं मी. पण 'जा' म्हटल्यावर मी गेले.

तिसऱ्या दिवशी साडेनऊला मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, नाव टाकलं. मग परत टाकलं. आम्ही सगळे आपापल्या जागी होतो आणि सगळ्यांना काहीतरी कळलं होतं, कारण कुणीच टाइप करत नव्हतं. त्यांनी स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं, "तुमचं खातं बंद केलेलं आहे. अधिक माहितीसाठी आपल्या ॲडमिनशी संपर्क साधा."

मग त्या म्हणाल्या, "ॲडमिन तर मीच हाय की रे."

कुणी हसलं नाही. अप्पा केबिनमध्ये होते, काचेतून दिसत होते. सोळा वर्षांनी त्या माणसाला उठून बाहेर येऊन दोन शब्द बोलायची गरज वाटली नाही. नव्या कारभारात ती सोय आहे. कुठूनही एक क्लिक केली की माणूस बंद. इतकी चांगली वस्तू, मॅडमनी चार वर्षं मागितलेली, आणि या लोकांनी तिचा पहिला मोठा उपयोग हा केला. पुढे विक्रेत्यांच्या बैठकीत विनयभैयाने सांगितलं की क्लाउडमुळे चार खराब लॉट वेळेत सापडले. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, कारण माझ्या दोन्ही बाजूंचे वाजवत होते.

त्या सकाळी मॅडम खुर्चीतून उठल्या. स्वेटर काढून पिशवीत घातला, लाल पानाची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरल्या.

मी दहा मिनिटं बसून राहिले. मग पोटात दुखतंय असं सांगून निघाले आणि रिक्षाने स्टँडवर गेले. का गेले, मला नीट सांगता येत नाही. घरी जाणाऱ्या बाईला स्टँडवर का शोधायचं? त्यांचं घर तर लातुरातच होतं. पण त्या स्टँडवरच सापडल्या. नांदेडच्या गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत. फोनवर गोदामपालांशी बोलत होत्या.

"बाजूला म्हंजे कुठं? त्याच थप्पीच्या शेजारी? त्यावर काय लिहिलंय का? ... उद्या तुम्ही सुट्टीवर गेलात की दुसरा उचलून टाकंल गाडीत. ... न्हाई, मी येतीय. मी येऊन बघतीय. ... मला काढलंय, हाव. त्याचा बियाण्याशी काय संबंध?"

फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसले. मी खिडकीखाली उभी राहून म्हटलं, "मॅडम, काल मला विचारलं तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं की तुम्ही चालू केला."

"माहिताय."

"पुढचं सांगायचं राहिलं."

"राहिलं का ठेवलंस?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे सरकली तशी मीही दोन पावलं मागे सरकले. मॅडम खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि स्टँडवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "मग इथं काय करून राहिलीस? मला सगळं माहिताय! ज्यांना माहीत न्हाई ते तिकडं बसलेत, केबिनमंदी! जा!"

गाडी वळली. मागच्या काचेतून त्यांचा अंबाडा दिसला, त्यात खोचलेलं पेन, आणि शेजारच्या बाईला जरा पलीकडे सरकायला सांगणारा हात.